डॉक्टरवर दावा झाला, म्हणजे उपचार वाईट होते का?

१९५३ सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन विशीतल्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधून तो स्थिर केला आणि दोन दिवसांनी, लांबचा प्रवास करून, त्याला पुण्याला आणण्यात आले. पुण्यातील एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात मोडलेले हाड जागेवर बसवताना रीतसर भूल दिली गेली नाही. मॉर्फीनच्या एका इंजेक्शनवर भागवून, मदतनिसांच्या साहाय्याने पाय जोर लावून ओढण्यात आला, असा निष्कर्ष पुढे न्यायालयांनी काढला. तरुण त्याच रात्री दगावला. मृत्यूच्या दाखल्यावर चरबीचा कण रक्तप्रवाहात अडकल्याचे कारण लिहिलेले होते, परंतु न्यायालयांनी खरे कारण मानले ते त्या ओढाताणीतून बसलेल्या धक्क्याचे. वडिलांनी लावलेला दावा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ च्या मे महिन्यात, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी, त्याचा शेवट झाला. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तीन टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे त्या निकालातले सूत्र आजही आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक वैद्यकीय खटल्यात उद्धृत होते.

या खटल्यातील एका तपशिलाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दावा लावणारे वडील स्वतः डॉक्टर होते. मॉर्फीनची दुसरी मात्रा द्यायला हवी होती की नव्हती, पाय किती जोराने ओढला गेला, शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत असे करणे योग्य होते का, हे प्रश्न त्यांना पडू शकले, कारण उत्तर काय असायला हवे हे त्यांना ठाऊक होते. त्याच काळात त्याच शहरात अशाच प्रकारे दगावलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाच्या घरी ‘आयुष्याची दोरी तेवढीच होती’ असे म्हणून तेरावे उरकले गेले असेल, तर त्याची नोंद कोणत्याही न्यायालयात सापडणार नाही. वैद्यकीय दावे आणि उपचारांचा दर्जा यांचा संबंध समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात या न सापडणाऱ्या नोंदींपासून करावी लागते.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. उपचार वाईट असणे, उपचारांमुळे रुग्णाला इजा होणे आणि दावा दाखल होणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्तमानपत्रातील बातमीत त्या तिन्ही एकाच ओळीत कोंबल्या जातात. चांगले उपचार होऊनही रुग्णाला इजा होऊ शकते. तिला आपण गुंतागुंत म्हणतो. उलट, उपचार अगदी गलथान असले तरी रुग्ण सुखरूप घरी येऊ शकतो. कायद्याला मात्र चारही दुवे लागतात: डॉक्टरवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्यात कसूर झाली, रुग्णाचे नुकसान झाले, आणि ते नुकसान त्या कसुरीमुळेच झाले. यातला एक दुवा जरी तुटला तरी दावा उभा राहत नाही.

माझ्या मावशीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयात झाली. घरी आल्यावर विम्याच्या कामासाठी मी केस पेपरच्या प्रती चाळत होतो, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीचा तक्ता समोर आला. रात्री बारा, एक, दोन, तीन, चार, पाच: प्रत्येक वेळेसमोर रक्तदाब १२०/८०, नाडी ८०, एकाच शाईत, एकाच सलग हातात, जणू पाटीवर पाढा गिरवावा तसे. मावशीला जन्मभर रक्तदाबाचा त्रास आहे. तिचा रक्तदाब रात्रभर १२०/८० राहिला हा वैद्यकीय चमत्कारच म्हणावा लागेल. बहुधा पहाटे कोणीतरी एका बैठकीत सगळा तक्ता भरला होता. मावशीला काही झाले नाही, म्हणून आम्हीही काही केले नाही. त्या रात्रीच्या सेवेचा दर्जा वाईट होता याविषयी माझ्या मनात शंका नाही, पण दाव्यांच्या कोणत्याही आकडेवारीत ती रात्र येणार नाही. कारण दावा मोजतो ते नुकसान. बेपर्वाई नुकसानापर्यंत पोहोचली नाही तर ती मोजली जात नाही.

या प्रश्नाचा आजवरचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठातील डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञांच्या गटाने १९८४ या एका वर्षात राज्यातील ५१ रुग्णालयांत दाखल झालेल्या रुग्णांपैकी तीस हजारांहून अधिक जणांचे केस पेपर तपासले. प्रथम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी ठरावीक निकष लावून संशयास्पद कागद बाजूला काढले आणि मग प्रत्येक संशयित प्रकरण दोन डॉक्टरांनी एकमेकांशी चर्चा न करता वाचले. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाखल झालेल्या रुग्णांपैकी ३.७ टक्के रुग्णांना आजारामुळे नव्हे तर उपचारांमुळे इजा झाली होती आणि अशा इजांपैकी सुमारे २८ टक्के निष्काळजीपणातून झाल्या होत्या. संपूर्ण राज्याला हे प्रमाण लावले, तर एका वर्षात सुमारे ९८,६०० इजा आणि त्यांपैकी सुमारे २७,२०० निष्काळजीपणामुळे, असा हिशेब निघाला.

खरी गंमत पुढे आहे. याच रुग्णांची नावे संशोधकांनी राज्यातील दाव्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली. निष्काळजीपणामुळे इजा झालेले २८० रुग्ण त्यांच्या नमुन्यात होते. त्यांपैकी दावा केला होता तो ८ जणांनी. एकूण दावे मात्र ४७ होते, म्हणजे उरलेल्या ३९ प्रकरणांत कागद वाचणाऱ्या डॉक्टरांना निष्काळजीपणातून झालेली इजा दिसली नव्हती. नंतर १९९२ सालच्या कागदपत्रांवरून युटा आणि कोलोरॅडो या राज्यांत तसाच अभ्यास झाला, तेव्हाही निष्काळजीपणाने इजा झालेल्यांपैकी ९७ टक्के रुग्णांनी दावा केला नसल्याचे आढळले. आपण दाव्यांकडे पाहून दर्जा ठरवायला जातो तेव्हा ज्या चाळणीतून पाहतो, तिचे भोक इतके चुकीच्या आकाराचे आहे: ज्यांनी यावे ते येत नाहीत आणि जे येतात त्यांतले पुष्कळसे दुसऱ्याच कारणाने आलेले असतात.

कोण येत नाही, हेही या अभ्यासांतून दिसले. गरीब आणि विमा नसलेल्या रुग्णांनी दावा करण्याची शक्यता लक्षणीय प्रमाणात कमी होती. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. ज्याची रोजंदारी एका दिवसाच्या खाड्याने बुडते, तो तारखांना कुठून जाणार? आणि अमेरिकेत वकिलाची फी बहुधा मिळालेल्या भरपाईतील वाटा असते, त्यामुळे ज्याच्या मृत्यूने फारसे उत्पन्न बुडाले नाही अशा वृद्धाचे प्रकरण घ्यायला वकीलही फारसा उत्सुक नसतो.

मग जे ३९ जण निष्काळजीपणा नसताना आले, ते खोटारडे होते का? डॉक्टरांच्या संमेलनांत हा आकडा तसाच वापरला जातो, आणि मला तो वापर अन्यायकारक वाटतो. दावा करताना रुग्णाच्या हाती फक्त वाईट परिणाम असतो. कसूर झाली की नाही हे कळण्याचा मार्ग पुष्कळदा दाव्यातूनच जातो. फ्लोरिडामध्ये बाळंतपणाच्या वेळी बाळाला गंभीर इजा झाल्यानंतर दावा केलेल्या मातांना संशोधकांनी कारणे विचारली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणींनी ओळखीच्या जाणकार माणसाने सल्ला दिल्याचे सांगितले, सुमारे चतुर्थांश जणींना आपल्यापासून काहीतरी लपवले जात असल्याची जाणीव झाली होती, आणि काहींना फक्त खरे काय घडले ते समजून घ्यायचे होते. जी माहिती वॉर्डात अर्ध्या तासात देता आली असती, ती मिळवायला काही जणांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

शेवटी पैसे कोणाला मिळतात, हा पुढचा प्रश्न; आणि इथे पुरावे दोन दिशांना ओढतात. न्यूयॉर्कच्या दाव्यांचा दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर असे दिसले की, भरपाई मिळणार की नाही हे डॉक्टरच्या कसुरीपेक्षा रुग्णाच्या अपंगत्वाच्या तीव्रतेवर अवलंबून होते. मात्र निकाली निघालेली प्रकरणे तिथे अवघी ४६ होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच विमा कंपन्यांच्या १,४५२ बंद झालेल्या फायली तपासल्या गेल्या. त्यात ३७ टक्के दाव्यांत चूक आढळली नाही, पण अशा दाव्यांपैकी ७२ टक्के दावेदारांना काहीच मिळाले नव्हते, आणि चूक आढळलेल्या दाव्यांपैकी ७३ टक्के दावेदारांना भरपाई मिळाली होती. मला दुसऱ्या अभ्यासाचे वजन अधिक वाटते, केवळ संख्येमुळे नव्हे तर तपासणाऱ्यांसमोर रुग्णालयाच्या कागदांबरोबर दाव्याची संपूर्ण फाईल होती म्हणून. तरीही साधारण चारातला एक निकाल चुकीच्या बाजूला जातो, एका दाव्याला इजेपासून निकालापर्यंत सरासरी पाच वर्षे लागतात, आणि दावेदाराला मिळणाऱ्या दर डॉलरमागे ५४ सेंट वकील, तज्ज्ञ आणि न्यायालयीन खर्चात जातात, हेही त्याच अभ्यासाने दाखवले.

चुकीच्या बाजूला जाण्याचे एक कारण माणसाच्या मनातच दडलेले आहे. १९९१ साली अमेरिकेत ११२ भूलतज्ज्ञांना प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणांचे वर्णन वाचायला देऊन उपचार योग्य होते का असे विचारण्यात आले. प्रकरणे सर्वांना तीच, औषधे तीच, मात्रा त्याच. फक्त शेवटचे वाक्य निराळे. काहींच्या प्रतीत रुग्ण तात्पुरत्या त्रासानंतर बरा झाला होता, काहींच्या प्रतीत त्याला कायमची हानी झाली होती. शेवट कायमच्या हानीचा केल्याबरोबर ‘उपचार योग्य होते’ असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्केबिंदूंनी घसरले. हे लोक न्यायाधीश किंवा नातेवाईक नव्हते, तर त्याच शाखेतले निष्णात डॉक्टर होते. मग वाईट परिणाम डोळ्यांसमोर ठेवून मागे वळून पाहणाऱ्या नातेवाइकाला प्रत्येक निर्णय चुकलेला दिसला, तर त्याला दोष देता येत नाही. मात्र त्याच्या रागावरून डॉक्टरचा दर्जाही ठरवता येत नाही.

भरपाईच्या रकमेचेही असेच आहे. कोलकात्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुमारे सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज अशी भरपाई दिली, तेव्हा देशभरातील डॉक्टर हादरले. पण ती रक्कम इतकी मोठी होण्यामागे मृत महिला अमेरिकेत राहणारी उच्चशिक्षित व्यक्ती होती आणि तिच्या संभाव्य उत्पन्नाचा हिशेब भरपाईत धरला गेला, हे मोठे कारण होते. तेच उपचार, तीच कसूर एखाद्या शेतमजूर बाईच्या वाट्याला आली असती तर रक्कम कितीतरी लहान झाली असती. भरपाईचा आकडा नुकसान किती झाले ते सांगतो. कसूर किती मोठी होती ते त्यातून कळत नाही.

ज्या डॉक्टरांवर दावे होतात ते इतरांपेक्षा कमी कुशल असतात का? अमेरिकेतील १९९१ ते २००५ या काळातील आकडे पाहिले तर दरवर्षी ७.४ टक्के डॉक्टरांवर दावा होत होता, पण मेंदूच्या शल्यचिकित्सकांत हे प्रमाण १९ टक्क्यांवर जात होते आणि मनोविकारतज्ज्ञांत ते तीन टक्क्यांपेक्षाही कमी होते. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे मनोविकारतज्ज्ञांपेक्षा सातपट निष्काळजी असतात असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या हाताखालचे अवयव क्षमा करणारे नसतात, इतकेच. जोखमीच्या शाखेतील जवळपास प्रत्येक डॉक्टरला कारकिर्दीत कधी ना कधी एकदा तरी दाव्याला तोंड द्यावे लागते. म्हणून एखाद्या शल्यचिकित्सकावर एक केस आहे हे ऐकून घाबरण्यासारखे त्यात फारसे काही नसते.

वारंवार होणाऱ्या दाव्यांचे मात्र तसे नाही. २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील भरपाई दिलेल्या ६६ हजारांहून अधिक दाव्यांचा अभ्यास झाला, तेव्हा अमेरिकेतील सुमारे एक टक्का डॉक्टरांच्या नावावर ३२ टक्के दावे निघाले. शाखेचा फरक जमेस धरूनही, ज्याच्यावर पूर्वी अधिक दावे झाले त्याच्यावर पुन्हा दावा होण्याची शक्यता झपाट्याने वाढत होती. पुढच्या अभ्यासात असेही दिसले की असे डॉक्टर फारसे गाव बदलत नाहीत, पण मोठ्या संस्थेतून बाहेर पडून एकट्याचा दवाखाना थाटण्याकडे त्यांचा कल वाढतो, म्हणजे नेमके तिथे जातात जिथे कामावर लक्ष ठेवायला सहकारी नसतात. एका दाव्यातून काही ठरत नसले, तरी ओळीने पाच झाले तर कुणीतरी दार ठोठवायला हवे.

आणि दावे होण्याचे, कौशल्याशी संबंध नसलेले एक कारण असे आहे की ते डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात सर्वांत शेवटी येते. १९९७ साली ओरेगॉन आणि कोलोरॅडोतील डॉक्टरांच्या तपासणीचे ध्वनिमुद्रण करून, दावे झालेले आणि न झालेले डॉक्टर रुग्णाशी कसे बोलतात याची तुलना करण्यात आली. प्राथमिक उपचार करणाऱ्यांपैकी ज्यांच्यावर दावे झाले नव्हते ते एका रुग्णाला सरासरी १८.३ मिनिटे देत होते आणि दावे झालेले १५ मिनिटे. दावे न झालेले डॉक्टर ‘आधी तपासतो, मग तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे देतो’ असे सांगत, रुग्णाला नीट समजले का ते विचारत आणि अधिक हसत. शल्यचिकित्सकांत मात्र असा फरक दिसला नाही. तीन मिनिटांचा हा फरक वाचून आपल्याकडचे वाचक खिन्नपणे हसतील, कारण आपल्या बाह्यरुग्ण विभागात पूर्ण तपासणीलाच तीन मिनिटे मिळाली तर नशीब. पण मुद्दा तोच: ‘डॉक्टर वाईट नव्हता, पण बोलला कसा ते पाहिलेत ना’ हे वाक्य आपण सर्वांनीच रुग्णालयाच्या जिन्यात ऐकलेले आहे.

दाव्यांच्या भीतीने तरी उपचार सुधारतात का? २०२० साली या विषयावरील ३७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला आणि दाव्यांचा धोका जास्त असलेल्या ठिकाणी उपचारांचा दर्जा अधिक चांगला असल्याचे त्यात दिसून आले नाही. भीती वागणूक बदलते, यात शंका नाही. मात्र ती बदलते ती अंगावर येऊ नये म्हणून. डोके दुखते म्हणताच सीटी स्कॅन, नाजूक रुग्ण दिसला की ‘मोठ्या दवाखान्यात न्या’, आणि छापील संमतीपत्रावर दारातच सही. यातल्या कितीतरी गोष्टी रुग्णाच्या भल्याच्या वाटतात, आणि काही असतातही. पण रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला धाडलेला रुग्ण वाटेतच गेला तर ते मरण कोणाच्या खात्यावर पडत नाही.

एवढे सारे वाचल्यावर दावे हे दर्जाच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत असे वाटेल, आणि तसे समजणे चूक ठरेल. भूलशास्त्राचा इतिहास त्याची साक्ष देतो. १९८०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने विमा कंपन्यांकडे धूळ खात पडलेल्या, निकाली निघालेल्या फायली मागवून वाचायला सुरुवात केली. दोषी ठरवण्यासाठी नव्हे. माणसे नेमकी कशी मरतात ते पाहण्यासाठी. शस्त्रक्रियागृहात अशा दुर्घटना इतक्या विरळ असतात की एका रुग्णालयाला आपल्या अनुभवातून त्यांचा आकृतिबंध कधीच दिसत नाही. शेकडो फायली एका टेबलावर आल्यावर तो दिसू लागला. पहिल्या दीड हजारांहून थोड्या अधिक दाव्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक दावे श्वसनाशी संबंधित होते, आणि त्यांत सर्वाधिक वाटा तीन गोष्टींचा: अपुरा श्वासोच्छ्वास, श्वासनळीत घालायची नळी चुकून अन्ननलिकेत जाणे, आणि नळी घालायलाच अडचण येणे. अशा प्रकरणांपैकी ८५ टक्के रुग्ण दगावले होते किंवा त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती.

अन्ननलिकेत गेलेल्या नळीचे उदाहरण जरा जवळून पाहू. नळी आत गेली, फुगा दाबला, छाती हलल्यासारखी दिसली, स्टेथोस्कोपमधून आवाजही आल्यासारखा वाटला; अनेक फायलींत भूलतज्ज्ञाने दोन्ही बाजूंनी आवाज ऐकल्याची नोंद होती. आवाज फसवतो, कारण जठरात शिरणारी हवाही छातीवर ऐकू येते. रक्तातील प्राणवायू हळूहळू उतरतो आणि ओठ निळे पडलेले दिसेपर्यंत मौल्यवान मिनिटे निघून गेलेली असतात. रुग्णाने बाहेर सोडलेल्या हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र जोडले की पडद्यावर प्रत्येक श्वासाबरोबर एक चौकोनी उंचवटा उमटतो. नळी जठरात असेल तर काही क्षणांतच रेघ सपाट होते. बोटाला लावायचा प्राणवायूचा चिमटा आणि हे यंत्र, या दोन साधनांनी श्वसनाच्या दुर्घटनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश टाळता आल्या असत्या, असे फायली वाचणाऱ्यांचे मत पडले. अमेरिकेतील संघटनेने १९८६ साली भूल देताना रुग्णावर सतत ठेवायच्या देखरेखीचे मानदंड ठरवले आणि ही साधने पुढे शस्त्रक्रियागृहात रुळली. दुसऱ्या एका फायलींच्या गठ्ठ्यात, पाठीच्या कण्यात भूल दिलेल्या चौदा तरुण, निरोगी रुग्णांचे हृदय अचानक बंद पडल्याचे आढळले. कोणत्याही एका भूलतज्ज्ञाने असे रुग्ण आयुष्यात एकापेक्षा अधिक पाहिले असण्याची शक्यता कमीच.

या फायलींतील प्रत्येक डॉक्टर दोषी होता की नव्हता, हा प्रश्न त्या वाचनात जवळजवळ गौण ठरला. पालशेतच्या तरुणाचा खटला एका डॉक्टरविषयी पंधरा वर्षे चालला. पण ‘मांडीचे हाड बसवताना राज्यातील इतर रुग्णालयांत भूल कशी दिली जाते’ हा प्रश्न त्या खटल्यात कोणी विचारला नाही, आणि तो विचारणे न्यायालयाचे कामही नव्हते.

मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून वेगळा मार्ग धरला. चूक झाली असेल तर आपणहून रुग्णाला सांगायचे, माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची. चूक नसेल तर ती का नाही हे समजावून सांगायचे आणि मग मात्र न्यायालयात ठामपणे उभे राहायचे. चूक कबूल केली तर दाव्यांचा पूर येईल ही वकिलांची भीती खोटी ठरली. दर एक लाख रुग्णभेटींमागे दाव्यांचे प्रमाण ७.०३ वरून ४.५२ वर आले. न्यूझीलंडने तर १९७४ पासून अपघाताच्या भरपाईसाठी न्यायालयाची वाटच बाजूला ठेवली आहे आणि २००५ पासून तिथे उपचारांतून झालेल्या इजेची भरपाई मिळण्यासाठी डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागत नाही.

आपल्याकडे रुग्णासमोर तीन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालील सेवा ठरवली, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगात भरपाई मागता येते. त्यासाठी सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते, तिथे पैसे मिळत नाहीत, प्रश्न डॉक्टरच्या नोंदणीचा असतो. आणि पोलिसांत फिर्याद देता येते, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो आणि त्याआधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे लागते. जमावाने काचा फोडणे ही चौथी वाट मी मोजत नाही. ती दाव्यांपेक्षाही आंधळी आहे, कारण ती बहुधा मध्यरात्री वॉर्डात हजर असलेल्या सर्वांत तरुण डॉक्टरवर कोसळते, ज्याच्या हातात त्या रुग्णाचा एकही मोठा निर्णय नव्हता.

म्हणून डॉक्टर किंवा रुग्णालय निवडताना त्यांच्यावर किती केस आहेत हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल कोण देणार आहे, ती व्यक्ती शस्त्रक्रिया संपेपर्यंत खोलीत असेल का, श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र आहे का आणि रात्री रुग्णाकडे कोण पाहील, हे विचारता येते. हे प्रश्न विचारणाऱ्यावर चांगला डॉक्टर चिडत नाही, असा माझा अनुभव आहे. एका भूलतज्ज्ञ बाईंनी तर मला पडद्यावरचे ते उंचवटे कागदावर काढून दाखवले होते.

काही बिघडलेच, तर सर्वांत आधी कागद मागावेत. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारासाठीच्या २००२ च्या नियमांनुसार, दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. काउंटरवर ‘साहेब आले की बघू’ असे उत्तर मिळेल. तेव्हा अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि पोच घ्यावी. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. भूल दिल्याची नोंद, औषधांचा तक्ता आणि परिचारिकांच्या रात्रीच्या नोंदी मागाव्यात, आणि त्या हाती आल्या की रक्तदाबाच्या आकड्यांकडे पाहण्याआधी शेजारचा वेळेचा रकाना पाहावा.